पेल्यावरची चार अक्षरं

१

पुनमच्या खोलीत चोरी झाली, पण चोरानं गॅसची शेगडी नेली नाही, खुंटीवरची पर्स नेली नाही, डबीतली सोन्याची फुलंही नेली नाहीत. नेला तो फळीवरचा एक जुना स्टीलचा पेला. भंगारवाल्यानंही घेताना तोंड वाकडं केलं असतं, असा.

"पेल्यासाठी कुणी पोलिसात जातंय का, बाई?" घरमालकीण म्हणाली. पुनम पोलिसात गेली नाही. तिनं लातूरला फोन लावला. "मावशी, माझी आई नेली गं कुणीतरी," एवढंच बोलली आणि रडायला लागली.

जगदेवीनं पुढचं विचारलंच नाही. निवृत्त फौजदारीणबाई ती, गुडघे कुरकुरायला लागले होते, पण डोकं आणि जीभ दोन्ही अजून नोकरीतच होती. सकाळच्या एसटीनं ती नांदेडला निघाली. वाटेत शेजारच्या बाईनं "कुणी आजारी हाय का?" असं विचारलं तर तिनं "पेला हरवलाय" म्हणून सांगितलं. त्या बाईनं उरलेला प्रवास खिडकीबाहेर बघत केला.

खरं म्हणजे तो पेला जगानं पहिल्यांदा पाहिला तो जगदेवीच्या हातात. बावीसेक वर्षांपूर्वी ती लातूरच्या बसस्थानकातल्या चौकीत शिपाई होती. इस्लापूरहून हिमायतनगर, हदगाव, नांदेड करत आलेली गाडी रिकामी झाली आणि शेवटच्या बाकावर गोधडीत एक पोर उरली. कंडक्टर म्हणाला, "शेजारच्या बाईची आसंल म्हनलं." शेजारची बाई म्हणाली, "म्या म्हनलं कंडक्टरला म्हाईत आसंल." पोरीच्या उशाला हा पेला होता. त्यात मूठभर साखर आणि तोंडावर घट्ट बांधलेलं फडकं. जगदेवीनं साखरेचं पाणी करून बोटानं पोरीला चाटवलं आणि मग पंचनामा केला. गाडी लांबची, थांबे ढीगभर. कुणी कुठं ठेवली ते कळलंच नाही. पोर लातूरच्या एका बालसदनात वाढली, शिकली, नांदेडला नर्स झाली. तिच्या जन्माचा पुरावा म्हणून जगात एकच वस्तू होती. ती आता गेली होती.

२

पेल्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली चार अक्षरं होती. लग्नात भांडी देतात त्यावर मशीननं नाव घालतात, तशीच. डब्ल्यू, ए, आय, एफ. शेवटच्या अक्षराला कोरणाऱ्यानं हौसेनं गोल शेपूट काढलेली.

बालसदनातली पोरं त्या अक्षरांवरून पुनमला "ए वाईफ" म्हणून चिडवायची. पुढं शाळेत खऱ्या वाईफचं स्पेलिंग आलं, ते वेगळं निघालं, आणि चिडवणं संपलं. ही चार अक्षरं म्हणजे कुणाच्या तरी नावाची आद्याक्षरं असतील, असं पुनमनं ठरवून टाकलं होतं.

ते मोडून काढलं भागवत सरांनी. इंग्रजीचे निवृत्त शिक्षक, पुनमच्या वॉर्डात मूतखड्यासाठी दाखल झाले होते. पुनमनं सहज विचारलं आणि सर सलाईन लावलेल्या हातानं उठून बसले. "अगं, हा शब्द आहे! वेफ. टाकलेलं, बेवारस लेकरू." बरे झाल्यावर त्यांनी नांदेडच्या एका पेपरात रविवारी लेख लिहिला. सोबत त्या चार अक्षरांचा जवळून काढलेला फोटो होता.

"आणि मावशी, त्यात एक गोष्ट होती," पुनम म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते, पण हे सांगताना आवाज घट्ट झाला. "त्या शब्दाचा मूळ अर्थ टाकलेलं लेकरू नाही. चोरलेला माल. चोर पळताना फेकतो ना, तो. म्हणजे मला टाकलं नव्हतं. मला चोरलं होतं, आणि चोरानं मला बसमध्ये फेकलं."

या पोरीनं आयुष्यभर एकच प्रश्न विचारला होता, आधी बोबड्या शब्दांत आणि मग नुसत्या नजरेनं: मला टाकलं का? त्याचं उत्तर तिला कुणीतरी पहिल्यांदाच "नाही" असं दिलं होतं, तेही इंग्रजीतून. ते उत्तर त्या पेल्यावर कोरलेलं होतं.

"लेख आल्यावर कोण कोण आलं होतं इथं?"

"तिघंच. सर. कस्तुराबाई. आणि व्हिडिओ करायचाय म्हणून आलेला एक पोरगा." पुनम थांबली. "मावशी, त्यातलंच कुणीतरी आहे. दाराला कुलूप होतं, पण किल्ली कुंडीखाली असते हे त्या तिघांनाच दिसलं होतं."

३

भागवत सरांच्या घरी पुस्तकं खुर्च्यांवर होती आणि माणसं पलंगावर बसत होती. चोरीचं ऐकून सर खरोखर हादरले.

"मॅडम, पुढच्या महिन्यात माझं व्याख्यान ठेवलंय वाचनालयात. पेला समोर ठेवून बोलणार होतो. आता लोक म्हणतील, म्हाताऱ्यानं फोटो बनवला."

"शब्दाचं सांगा, सर. मला इंग्रजी कलमांपुरतंच येतंय."

सर खुलले. "जुन्या काळी इंग्लंडात चोर चोरी करून पळायचा. मागं लोक लागले की माल वाटेत फेकायचा. त्या फेकलेल्या मालाला वेफ म्हणत. त्याच्याही आधी उत्तरेकडच्या खलाशांच्या भाषेत वाऱ्यावर फडफडणारं, सुटं झालेलं काहीतरी, असा अर्थ असावा म्हणतात. पुढं तोच शब्द रस्त्यावर सापडणाऱ्या लेकरांना चिकटला. आणि कायदा बघा कसा. मूळ मालक आरडाओरड करत चोराच्या मागावर धावला असला तर माल त्याला परत. घरी बसून राहिला तर त्याचा हक्क गेला, माल राजाचा."

"म्हणजे धावेल त्याचा."

"अगदी." सर समाधानानं मागं टेकले. मग त्यांना एकदम काहीतरी वाटलं आणि ते हळू आवाजात म्हणाले, "पोरीला बरं वाटलं ना? मी लिहिताना तेवढंच डोक्यात ठेवलं होतं."

एक गोष्ट मात्र जगदेवीला सलत राहिली. हदगाव-इस्लापूरकडच्या कुठल्या घरात इतका आडवळणी इंग्रजी शब्द माहीत असेल? आणि माहीत असला तरी पोर बसमध्ये टाकणारा माणूस आधी भांड्याच्या दुकानात जाऊन तो कोरून घेईल? सरांना हे विचारण्याचं तिच्या जिभेवर आलं होतं. पण समोर इतका आनंदी माणूस फार दिवसांनी बसला होता. तिनं चहा संपवला आणि उठली.

४

कस्तुराबाई पुनमच्या खोलीतच भेटली. हिमायतनगरकडची, रोजानं शेतात जाणारी बाई. तिची पोरगी ओसरीवरून झोळीसकट कुणीतरी उचलून नेली होती, बारसंही झालं नव्हतं. वर्ष तेच. पेपरातला लेख गावातल्या मास्तरनं वाचून दाखवला आणि ती तडक नांदेडला आली. तेव्हापासून दर आठवड्याला येत होती. डब्यातून शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीच्या भाकरी आणायची, पुनमच्या केसांना तेल लावायची.

"कस्तुराबाई, पेला तुम्ही हातात घेतला होता?"

"म्या कामून घेऊ?" ती साधेपणानं म्हणाली. "पुनम दाखवून राहिली व्हती. म्या म्हनलं, लोखंडाला काय बघू माय, मला लेकराचं तोंड बघू दे."

"पोर गेली तेव्हा काय केलं होतं तुम्ही?"

"पळाले की. अनवाणी पळाले फाट्यापत्तुर. मंग टेशनं हिंडले, बाजार हिंडले, किनवटपत्तुर गेले, जत्रा सोडल्या न्हाईत. घरचे म्हनले, येडी झाली. अजूनबी पळूनच राहिले बघा." ती हसली. पुढचे दोन दात पडलेले होते.

जगदेवीला सरांचा कायदा आठवला. मागावर धावणारी मालकीण समोर बसली होती.

"रक्ताची तपासणी करून घ्या ना दोघी. पुनमच्या दवाखान्यात लगेच सोय होईल."

दोघींनी एकमेकींकडं बघायचं टाळलं. मग पुनम म्हणाली, "करू की. एवढी काय घाई आहे?" आणि कस्तुराबाईनंही घाईघाईनं मान हलवली. त्या दोघींना कशाची भीती वाटते हे कळायला पोलिसात असावं लागत नव्हतं.

कस्तुराबाई निघाली तेव्हा पुनमनं तिचा धुतलेला डबा घेतला, साखरेच्या बरणीतून मूठभर साखर त्यात घातली आणि झाकण लावलं. "भांडं रिकामं कसं देऊ?" ती म्हणाली. बालसदनातल्या आयांनी लावलेलं वळण होतं ते. कस्तुराबाईनं तो डबा असा छातीशी धरला की जगदेवीनं नजर दुसरीकडे वळवली.

ती गेल्यावर जगदेवी म्हणाली, "पुनम, डोकं चालव. अक्षरांचा फोटो पेपरात छापून आलाय. मग पेला पळवून लपवायचं काय? शब्द तर जगानं बघितलाय."

"मग?"

"मग चोराला शब्द लपवायचाच नव्हता. पेला लपवायचा होता. फोटोत नुसती अक्षरं होती. पेल्याचा घाट, काठाखाली कोरलेली वेल दिसतच नव्हती. ते बघून ज्याच्या घराची ओळख पटेल, त्यानं नेलाय. सरांना तो व्याख्यानाला हवा होता. कस्तुराबाईचा तर जीव त्यात अडकलाय. राहिला तुझा व्हिडिओवाला. तो काय बोलला ते आठवून सांग."

"सुदर्शन नाव सांगितलं. हिमायतनगरचा म्हणाला. फार बोलला नाही, माझ्याकडंच बघत होता सारखा. मग पेला उलटा सुलटा केला आणि..." पुनम अडखळली. "विचारलं, एकलाच हाय का पेला?"

जगदेवी खाटेवरून उठली. गुडघ्याचं दुखणं ती विसरली होती.

"एका पेल्याला 'एकलाच हाय का' असं कोण विचारतं, पुनम? ज्याच्या घरी दुसरा आहे तो."

५

सुदर्शननं येताना पेढे आणले होते. रिकामं खोकं पुनमनं सुया-दोऱ्यांसाठी ठेवलं होतं. खोक्यावर मिठाईच्या दुकानाचं नाव होतं आणि खाली गाव होतं हदगाव. हिमायतनगरहून नांदेडला येणारा पोरगा वाटेत हदगावला उतरून पेढे कशाला घेईल? त्याचा मोबाईल आता बंद लागत होता, पण नंबरापुढचा फोटो तसाच राहिला होता. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचं असंच होतं, एक दार लावतो आणि दुसरं सताड उघडं राहतं.

दुसऱ्या दिवशी जगदेवी हदगावात त्या मिठाईच्या दुकानात होती. दुकानदारानं फोटो बघितला आणि सांगून टाकलं, "हा तर श्रीमंतरावचा सुदर्शन. लई गरीब पोरगं. काय केलं त्यानं?"

"काय न्हाई. सोयरिकीचं बघायलेय," जगदेवी म्हणाली. गावात या एका कारणाला कुणीही पुढचा प्रश्न विचारत नाही.

घर बाजारापासून आत होतं. पुढं ट्रॅक्टर, अंगणात सोयाबीनची पोती, भिंतीवर दोन लेकींच्या लग्नाचे फोटो. दारात एक बाई सूप घेऊन बसली होती. कपाळाला मोठं कुंकू, अंगानं वाळलेली. श्रीमंतरावची बायको, कावेरीबाई.

"सुदर्शन हाय का? मी लातूरहून आले. पोलिसात होते आधी, तिथल्या एसटी स्टँडवर."

कावेरीबाईच्या हातातलं सूप थांबलं. मग ती उठली. "बसा. पाणी आनते."

तिला आतून यायला वेळ लागला. आली तेव्हा हातात पेला होता. जाड काठाचा, काठाखाली द्राक्षांची वेल. जगदेवीनं तो घेतला आणि ओठाला लावला. बोटांना ठिपके लागले. तिनं पाणी न पिता पेला फिरवला.

एच, ए, एस, बी, ए, एन, डी. शेवटच्या अक्षराला गोल शेपूट.

६

हसबंड. आणि दुसरीकडे वाईफ. कुणीतरी नवराबायकोसाठी पेल्यांची जोडी घेतली होती आणि भांड्याच्या दुकानातल्या पोरानं इंग्रजी जसं ऐकलं तसं ठोकून दिलं होतं. कुठलं इंग्लंड आणि कुठला फेकलेला माल. बालसदनातली पोरंच बरोबर वाचत होती.

"मालकाच्या पेल्यात म्या कुणालाच पानी देत न्हाई," कावेरीबाई उंबऱ्याशी बसत म्हणाली. "तुमी लातूरच्या ठेसनावरल्या म्हनलात, म्हनून दिला."

म्हणजे तिनं कबुलीजबाब दिला होता, तोही पाण्यातून. जगदेवीनं नोकरीत असला जबाब घेतला नव्हता.

"भावानं दिलती जोडी, लग्नात. इंग्लिशीत नाव घालून आनली. लई कौतिक झालं तवा."

"पुनम तुमची कितवी?"

"तिसरी." नाव ऐकून तिचे ओठ हलले, ते तिनं पहिल्यांदाच आपल्या तोंडानं म्हणून बघितलं असावं. "पहिल्या दोघींच्या टायमाला हे काय बोलले न्हाईत. तिसऱ्या टायमाला मला इस्लापूरला, माहेरी पोचवाया आले. जाताना म्हनले, पोरगं झालं तर निरोप धाड. पोरगी झाली तर तिथंच ऱ्हा. मागं दोन लेकरं व्हती माही ह्या घरात. तिथंच कशी ऱ्हाऊ?"

"मग?"

"मंग निरोप धाडला, लेकरू दगावलं म्हनून. न्यायला आले. वाटंनं इचारलं न्हाई पोरगं व्हतं का पोरगी, कुठं पुरलं. आजपत्तुर इचारलं न्हाई."

सोयाबीनच्या पोत्यावर एक चिमणी येऊन बसली आणि उडाली. जगदेवीला राग आवरेना, पण तो नेमका कुणावर काढावा हेही सुचेना.

"पेला कशाला ठेवला तिच्याजवळ?"

"माह्या मालकीचं तेवढंच व्हतं."

मग ती थोडं थोडं करून बाकीचं बोलली. पेला विहिरीत पडला म्हणून घरी सांगितलं होतं. रविवारचा पेपर सुदर्शननं वाचला आणि फोटो बघून हसत म्हणाला, आई, आपल्या बाबांच्या पेल्यासारखीच शेपूट. आईचं तोंड बघून त्याचं हसू गेलं. तो नांदेडला गेला तो नुसतं बघायला. दुसऱ्यांदा गेला तेव्हा पेला घेऊन आला. आईला दिला आणि दोन दिवस जेवला नाही.

"कुठंय तो?"

"तांदळात ठिवलाय." ती उठता उठता थांबली. "बाई, तिला हे सांगू नका. चोरलं व्हतं म्हनूनच सांगा. पेपरात तसंच लिवलं व्हतं न्हाई का? सुदर्शननं वाचून दाखविलं तवा मला लई बरं वाटलं. म्हनलं, बरं झालं, कुनीतरी चोर हाय."

"तुम्ही एकदा भेटा तिला. मी घेऊन जाते."

कावेरीबाईनं अंगणाकडं पाहिलं. "न्हाई," ती म्हणाली. कारण दिलं नाही. आत गेली, बऱ्याच वेळानं प्लास्टिकच्या पिशवीला गाठ मारून घेऊन आली आणि ती स्वतःच्या हातानं जगदेवीच्या थैलीत खाली नीट ठेवली.

तेवढ्यात श्रीमंतराव आला. उंच, सभ्य माणूस. "कोन पाव्हने?"

"बचत गटाच्या मॅडम हायत," कावेरीबाई म्हणाली.

त्यानं रामराम केला, ओट्यावरचा आपला पेला उचलला, विसळून पुन्हा भरून घेतला आणि उभ्यानं प्याला. त्या अक्षरांवर त्याचा अंगठा होता. ती त्याला वाचून दाखवावीत, एवढा एक वाक्याचा मोह जगदेवीला झाला. पण पोलिसातली अक्कल सांगत होती की वाक्य आपलं असेल आणि रात्र त्या बाईला काढावी लागेल. श्रीमंतरावनं पुढं काही विचारलं नाही. न विचारायची सवय त्याला जुनीच होती.

फाटकाबाहेर सुदर्शन उभा होता. रडून आलेला दिसत होता. "तिचं नाक माह्यासारखंच हाय, मॅडम," तो म्हणाला. "म्या फकस्त बघायला गेलतो. मंग भेव वाटलं. घर मोडंल वाटलं."

"किती मोडायचं राहिलंय अजून?" जगदेवी म्हणाली आणि स्टँडकडं निघाली.

७

गाडीत बसल्यावर तिनं भागवत सरांना फोन केला आणि हसबंडची अक्षरं एकेक करून सांगितली. सरांनी ती कागदावर उतरवून घेतली. "शब्द बरोबर होता, मॅडम," सर शेवटी म्हणाले. "पेला चुकीचा निघाला." त्यांचा आवाज एकाएकी फार म्हातारा वाटला. व्याख्यानाचं त्यांनी काढलं नाही.

नांदेड येईपर्यंत जगदेवीनं थैलीवर हात ठेवला होता. पिशवी तिनं उघडली नाही. पेला कसा दिसतो हे तिला पाठ होतं आणि डोक्यात दुसरंच चाललं होतं. नोकरीभर तिनं लोकांच्या तोंडून खरं काढलं. खोटं नीट रचायची वेळ आली ती आज. पण रचलं तर दोन जीव तगत होते, एक पोरीचा आणि एक त्या अनवाणी पळणाऱ्या बाईचा. रक्ताची तपासणी त्या दोघी कधीच करणार नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. अर्धापूर मागं पडेपर्यंत तिचं ठरलं.

खोलीत कस्तुराबाई आली होती. आज ती डब्याऐवजी कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली होती. "तुमी यायची वाटच बघून राहिलो," ती म्हणाली आणि कागद उलगडला. नवाकोरा स्टीलचा पेला. त्यावर ठिपक्यांनी कोरलेलं होतं: पुनम. आणि त्याखाली, भेटीच्या भांड्यांवर घालतात तसं: आईकडून.

"जुना गेला त जाऊ दे म्हनलं. हिला मराठीतला आनला."

पुनम हसत होती. इतकी वर्षं ओळखून जगदेवीनं तिचं असं हसू पाहिलं नव्हतं.

"जुनाही मिळाला," जगदेवीनं पिशवी पुढं केली. "तो पोरगा भुरटा निघाला. भंगारात विकला होता. भंगारवाल्याला दम दिला तेव्हा काढून दिला त्यानं."

छान जमलं, असं तिला वाटलं. पुनमनं पिशवीची गाठ सोडली आणि पेला बाहेर काढला. मग ती तशीच थांबली.

पेल्याच्या तोंडावर फडकं बांधलेलं होतं. दोरा दोन वेढे देऊन घट्ट आवळलेला. असंच फडकं आणि असाच दोरा जगदेवीनं एकदा सोडला होता, बसच्या शेवटच्या बाकावर बसून. ती गोष्ट तिनंच पुनमला शंभर वेळा सांगितली होती, झोपताना, तापात, दहावीच्या निकालाच्या दिवशी.

पुनमनं दोरा सोडला. आत मूठभर साखर होती.

खालच्या रस्त्यानं भाजीवाला ओरडत गेला.

"भंगारवाला साखर घालून देत नाही, मावशी," पुनम म्हणाली.

रिकामं भांडं परत द्यायचं नसतं. कावेरीबाईला खोटं हवं होतं, तिनं स्वतःच्या तोंडानं मागितलं होतं. पण तिच्या हाताला ते वळण इतकं जुनं होतं की त्यानं तिला विचारलंच नाही. दुसऱ्यांदा पोरगी सोडतानाही तिनं पेला रिकामा सोडला नव्हता.

"आहे ना ती?" पुनमनं विचारलं. "जिवंत आहे?"

"आहे."

"घर आहे? माणसं आहेत?"

"आहेत."

"येणार आहे?"

जगदेवीनं नकाराची मान हलवली. पुनमनं त्या मानेकडं पुरतं पाहून घेतलं.

"म्हणजे टाकलंच होतं," ती म्हणाली. आवाजात काही नव्हतं. वॉर्डात नातेवाइकांना सांगताना नर्सेस बोलतात, तसं ती बोलली.

कस्तुराबाईला इंग्रजी कळत नव्हतं, पण साखर कळत होती. ती पेल्याजवळ आली, वाकून आत बघितलं आणि बराच वेळ बघत राहिली. "माह्या लेकराजवळ कुनी काय ठिवलं न्हाई," ती म्हणाली. "झोळीसगट उचललं. साखर ठिवायला आईच लागती." मग तिनं आपला नवा पेला उचलला, कागदात गुंडाळला, पिशवीत घातला. दारापर्यंत गेली आणि परत फिरली. पेला काढून फळीवर ठेवला.

"ह्याच्यावरलं मिटंल का हो, मॅडम? ते खालचं?"

"कोरलेलं मिटत नाही, बाई."

"मंग ऱ्हाऊ दे. नाव तिचंच हाय. माहीचं काय नाव ठिवलं आसंल कुनी, मला कुठं ठावं." तिनं पुनमच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि चपला घातल्या. "निघते. किनवटच्या बाजारात जायाचं हाय उद्या. तिथं लई लोक येतेत."

पुनम तिला थांब म्हणाली नाही. कस्तुराबाई जिन्यावरून खाली दिसेनाशी होईपर्यंत पुनम उभी राहिली आणि मग तिनं दार लावून घेतलं.

जगदेवी त्या रात्री तिथंच राहिली. फळीवर दोन पेले शेजारी शेजारी होते, एकावर वाईफ आणि एकावर आईकडून. साखर पुनमनं ओतून टाकली नाही की डब्यात भरली नाही. सकाळी जगदेवी निघाली तेव्हा पेल्याच्या काठावर मुंग्यांची रांग लागली होती. पुनम ड्यूटीचे कपडे घालून खाटेवर बसली होती आणि त्यांच्याकडं बघत होती. ती त्यांना झटकत नव्हती.